आत्याचा टाका

मी जुने कपडे शिवते म्हटलं की लोक फाटके कपडे आणून देतात. मग सांगावं लागतं, बाई गं, जुने म्हणजे जुन्या काळचे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी माणसं जे अंगात घालत होती ते. अंगरखा, बाराबंदी, कुंची, घेरदार जामा. तेही सगळं हातानं. घरात शिलाई मशीन होतं ते मुलीला देऊन टाकलं. हे ऐकलं की समोरच्या बाईचा चेहरा पडतो, कारण तिला नवऱ्याच्या पँटची चेन बदलून हवी असते.

हे वेड शाळेनं लावलं. कशेळ्याच्या आसपासच्या शाळांतून मी आयुष्यभर शिकवलं आणि दरवर्षी गॅदरिंगला भाड्यानं आणलेले पोशाख पाहून माझ्या डोक्यात तिडीक जायची. चकचकीत सॅटिनचा अंगरखा, त्याला प्लॅस्टिकची जर, आणि पाठीला वेल्क्रो. मावळा पुढे वळला की शूर दिसायचा, पाठ फिरवली की उघडा पडायचा. शिवाय सगळे सरदार सारखे खाजवत उभे. मी तेव्हाच ठरवलं होतं की नोकरी संपली की एक तरी अंगरखा असा शिवेन, जो अंगात घालून माणूस खरंच घोड्यावर बसू शकेल.

तसा शिवला. मग दुसरा शिवला. संग्रहालयात काचेला नाक लावून शिवणी बघितल्या, जुन्या चित्रांतले बंद कुठे बांधलेत ते भिंगातून पाहिलं. धावदोरा, उलटी टीप, तुरपण हे टाके आईनं लहानपणीच शिकवले होते. यजमान भात आणि वाल लावतात, त्यांना या कशातलं काही कळत नाही, पण थट्टा करायला कळावं लागत नाही. ओटीवर मी कापड पसरून बसले की ते चपला बाहेर काढून वाकून विचारायचे, "दरबारात येऊ का? का नजराना आनावा लागंल?"

यंदा नातीचं पहिलं बोरन्हाण होतं. मुलगी कुंभिवलीला दिलेली, हायवेला लागून घर. नात अकरा महिन्यांची. संक्रांतीच्या दिवसांत काळा कपडा घालायचा, हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे. विहीणबाईंनी बाजारातून पांढऱ्या ठिपक्यांचा काळा फ्रॉक आणून ठेवला होता. मी म्हटलं, फ्रॉक कसला? माझी नात अंगरखा घालेल. विहीणबाई म्हणाल्या, "पोरगी हाय ती, सरदार नाय." मी ऐकते थोडीच.

काळ्या खादीचा तळहाताएवढा अंगरखा. आत मऊ मलमलीचं अस्तर आणि दोहोंच्या मध्ये कापसाचा पातळ थर, वर उभे टाके घालून दाबलेला. जुन्या काळी थंडीत मुलांना असंच घालत. काखेत चौबगला, म्हणजे हात वर करताना कापड ओढू नये म्हणून बसवायचा चौकोनी तुकडा. मुलाच्या कपड्यात सगळ्यात अवघड काम तेच, कारण तो तुकडा बिस्किटाएवढा असतो. महिनाभर मी त्याच्यामागे होते.

आता माझ्या माहेरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे तान्ह्या मुलासाठी घरी शिवलेल्या पहिल्या कपड्याचा शेवटचा टाका आत्यानं घालायचा. शिवणारीनं चार बोटं शिवण उघडी ठेवायची आणि दोरा ओवलेली सुई तिथेच कापडात खोचून ठेवायची. आत्या आली की ती टाका घालणार, दोरा दातानं तोडणार, मुलाच्या टाळूवर फुंकर मारणार, आणि मग तो कपडा मुलाच्या अंगात जाणार. माझी आई अशीच सुई खोचून कपडा पाटावर ठेवायची आणि आम्हा पोरांना पाटाच्या आसपास फिरकू द्यायची नाही. कुंभिवलीला ही रीत कुणाला माहीत नव्हती. पण मुलीच्या नणंदेला मी ती मोठ्या हौसेनं सांगितली होती आणि ती येते म्हणाली होती.

त्या रविवारी यजमान सकाळीच स्कूटरवरून पुढे गेले. मंडपाला हात लावायचा होता. त्यांच्याबरोबर मी तिळाचे लाडू दिले, हलव्याचे दागिने दिले आणि अंगरख्याची पिशवी दिली. मी जेवून दुपारी जीपनं निघणार होते. कार्यक्रम संध्याकाळचा. भांडी घासली, कपाळाला कुंकू लावलं, आणि वेळ होता म्हणून शिवणाचा डबा आवरायला बसले.

सुयांच्या उशीत बारीक सुई नव्हती.

माझ्याकडे एकच तेवढी बारीक सुई आहे. आईची. तिच्या नेढ्यात मला चष्मा लावूनही दोरा ओवता येत नाही, चाचपडत ओवते. पहिला विचार आला, असणार कुठे, अंगरख्यात आहे, आत्यासाठी. आणि मी डब्याचं झाकण लावलंसुद्धा. मग हात तसाच झाकणावर राहिला. अंगरख्यात सुई आहे हे मी यजमानांना सांगितलं होतं का? नाही. मुलीला? आठवेना. पिशवीवर काही खूण? नाही. उघडी चार बोटं कुठे ठेवली होती? डाव्या चौबगल्यात.

डाव्या काखेत. मूल उचलायची जागाच ती. आपण मुलाला उचलतो ते दोन्ही काखांत हात घालूनच. आणि बोरन्हाणाला मूल एका मांडीवर थोडंच राहतं? याच्याकडून त्याच्याकडे, काकीकडून मावशीकडे, सगळा गाव त्या पोरीला काखेत धरून उचलणार होता.

मुलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. यजमानांना लावला, तर त्यांचा फोन नेहमी स्कूटरच्या डिकीत, घरात आग लागली तरी ते संध्याकाळी बघणार. विहीणबाईंना लावला. जावयांना लावला. कार्याच्या घरात फोन कुणाच्या हातात नसतो, कुठेतरी गादीखाली वाजत असतो. मी बोलून मेसेज पाठवला, अंगरखा घालू नका, त्यात सुई आहे, घालू नका. त्याच्यासमोर एकच बारीक खूण उमटली, म्हणजे पोचलाच नव्हता.

पर्स घेतली, कुलूप लावलं आणि नाक्यावर गेले. चप्पल कुठली घातली हे मला कर्जतला पोचल्यावर कळलं. एक माझी, एक यजमानांची.

जीप उभी होती पण सुटेना. ड्रायव्हरला आणखी एक माणूस हवं होतं. तो दरवाजाला टेकून "कर्जत, कर्जत" ओरडत होता आणि मी आत बसून त्याच्यावर ओरडत होते. तो माझाच विद्यार्थी निघाला. म्हणाला, "बाई, तुमी शालेत पन असंच वरडायच्या." एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, गाडी काढ नाहीतर आत्ता उतरून रस्त्यावर आडवी पडते. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गाडी काढली.

समोरच्या सीटवर वरच्या वाडीतली एक बाई बसली होती, वालाच्या शेंगांचं गाठोडं पायाशी आणि मांडीवर सहा-सात महिन्यांचं पोर. गाडी खड्ड्यात गेली की ती त्याला काखेत धरून उचलायची आणि पुन्हा मांडीवर आपटायची. पोर हसायचं. तिनं उचललं की माझ्याच काखेत टोचायचं. मी खिडकीबाहेर बघायला लागले, पण तरी कळायचं, आता उचललं, आता बसवलं. शेवटी मी तिला म्हटलं, "बाई, त्याला जरा ठेव ना खाली." ती बिचारी घाबरून पोराला पोटाशी धरून बसली.

कर्जत यायच्या आधी फोनला रेंज आली आणि फोटो आला. मुलीनं पाठवलेला. नात काळ्या अंगरख्यात, गळ्यात हलव्याचा हार, आणि विहीणबाईंनी तिला काखेत हात घालून उंच धरलेली. खाली लिहिलं होतं, "पोरं लवकर जमली म्हणून आधी फोटो काढून घेतले. कशी दिसते तुझी सरदार?"

मी लगेच फोन लावला. मुलगी घेईना. आत्ता फोटो पाठवलास आणि आत्ता फोन कुठे ठेवलास, असं मी मोठ्यानं बोलले. फोटो बोटांनी मोठा करून बघितला. नातीचं तोंड उघडं होतं. ती हसत होती का रडत होती? अकरा महिन्यांचं मूल हसतानाही तोंड उघडतं आणि रडतानाही. मी डोळ्यांकडे बघत राहिले. मोठं केलं की फोटोतले डोळे नुसते चौकोन चौकोन होतात.

कर्जतला खोपोलीची बस नुकतीच गेलेली होती. मी रिक्षा केली, एकटीनं. रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, एवढ्या घाईत? कोन शिरीयस हाय का?" मी म्हटलं, नात. त्यानं पळसदरीच्या रस्त्यानं अशी रिक्षा मारली की मला देवाचं नाव घ्यायचंही सुचेना.

रिक्षात मी मनाशी आठवायला बसले. नीट, क्रमानं. शेवटचं शिवण मी कधी केलं? ओटीवर. ऊन पायावर होतं. डावा चौबगला हातात होता. उलटी टीप घालत घालत मी कोपऱ्यापर्यंत आले, चार बोटं सोडली आणि सुई खोचली. खोचली ना? मला सुई खोचणारा हात दिसत होता. पण त्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि मी हिरव्या बांगड्या घालत नाही. तो हात आईचा होता. मी पुन्हा सुरुवातीपासून आठवलं. ओटी, ऊन, चौबगला. आणि त्यानंतर काहीच नाही. जिथे सुई असायला हवी तिथे आठवणीत नुसती मोकळी जागा होती.

तेव्हा मला दुसरीच भीती वाटली. ती पहिलीच्या पोटातून आली. माझी आई शेवटी शेवटी दोरा ओवलेली सुई हातात घेऊन तासन् तास बसायची आणि कुणी आलं की विचारायची, "हे कशाचं चाललं होतं गं?" आम्ही सांगायचो, आई, उशीचा अभ्रा. ती हो म्हणायची आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायची. तिच्यासारखं शिवणारी बाई मी पाहिली नाही. मी तो विचार झटकला. आधी पोर. माझं काय व्हायचं ते होईल, आधी ते पोर उघडं करून बघू दे.

खोपोलीच्या पुढे गाड्यांची रांग लागली होती. साजगावकडच्या कारखान्यांची पाळी सुटली होती, कामगारांच्या बसगाड्या एकामागून एक वळत होत्या. रिक्षा हलेना. मी पुन्हा फोन लावला. या वेळी कुणीतरी उचलला, कुण्या लहान पोरीनं. मागे स्पीकरवर गाणं आणि त्याच्या वर, अगदी स्पष्ट, माझ्या नातीचं रडणं. मी ओरडून म्हटलं, आईला दे, आईला फोन दे. पोरगी म्हणाली, "बाळ रडतंय," आणि फोन कट झाला.

ते रडणं मी ओळखते. भुकेचं नव्हतं, झोपेचं नव्हतं. मान मागे टाकून, श्वास कोंडून रडते तसलं होतं. मी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात आपटला. त्यानं रिक्षा रस्त्याच्या कडेच्या मातीत घातली आणि अर्धी कलती करत बसगाड्यांच्या बाजूनं काढली. लोक शिव्या देत होते. मी डोळे मिटून एकच गोष्ट म्हणत होते, काखेत असू दे, पोटात नको. अकरा महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. सुई सुटून तिच्या हाताला लागली असेल हे मला तोवर सुचलंच नव्हतं, आणि सुचल्यावर दुसरं काही सुचेना.

कुंभिवलीला पोचले तेव्हा मंडपात पन्नासेक माणसं होती आणि मध्ये विहीणबाई मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन नातीवरून उतरवत होत्या. नात मुलीच्या मांडीवर लालबुंद होऊन किंचाळत होती. आजूबाजूच्या बायका म्हणत होत्या, दृष्ट लागली, एवढी नटवल्यावर लागनारच. विहीणबाई मला बघून म्हणाल्या, "आलात? बघा तुमच्या सरदाराला लागली कुनाची तरी." माझ्या मनात आलं, लागू दे. दृष्टच असू दे. जन्मात कधी मी दृष्टीवर विश्वास ठेवला नाही, पण त्या क्षणी मी मनापासून तीच मागितली.

मी पोर मुलीच्या मांडीवरून उचललं. काखेत हात न घालता, खालून, ओंजळीत उचलावं तसं. मुलगी म्हणाली, "आई, अगं काय झालं?" मी आतल्या खोलीत गेले आणि पोरीला पलंगावर ठेवलं. मीच शिवून लावलेले बंद, सुरगाठी, एका टोकाला ओढलं की सुटणाऱ्या, पण मला टोक सापडेना. मुलगी आणि विहीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "सुई आहे यात. डाव्या काखेत सुई आहे." मुलीनं तोंडावर हात धरला.

बंद सुटले. बाही काढली. काखेत बघितलं. घामानं लाल झालेली, पण कुठे टोचल्याची खूण नाही, रक्त नाही. दुसरी काख बघितली, पोट, पाठ, मानेची वळी, बोटांच्या फटी. तोंड उघडून बघितलं. दोन वरचे दात आणि दोन खालचे. आणि पोर रडायची थांबली. अंगरखा अंगावेगळा झाल्याबरोबर थांबली आणि पंख्याकडे बघायला लागली.

"उकडत व्हतं गं तिला!" विहीणबाई म्हणाल्या. "एवढा कापूस भरलाय, आन हिकडं दुपारचं काय ऊन हाय! दृष्ट नाय न् काय नाय."

मी अंगरखा उलटा केला. डावा चौबगला बोटांत धरून चाचपला, मग दाबला, मग उजेडात नेला. सुई नव्हती. आणि उघडी चार बोटंही नव्हती. शिवण पूर्ण होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. शेवटी मी गाठ मारत नाही, मुलाच्या अंगाला गाठ टोचते म्हणून. मी एकाच जागी तीन बारीक टाके घालते आणि दोऱ्याचं टोक कापसात आत ओढून घेते. तिथे ते तीन टाके होते. अगदी मी घालते तसे.

"आत्या कुठंय?" मी विचारलं. वाटलं, तिनं घातला असेल, मी शिकवलं होतं ना तिला.

"ती कुटं येतेय?" विहीणबाई म्हणाल्या. "तिला सुट्टी नाय मिलाली. बुधवारी मीच फोन केलता ना तुमाला? तुमीच म्हनालात, आसू दे, मग तो टाका मीच घालते."

"हो हो," मी म्हटलं. "खरंच की."

मला तो फोन आठवत नव्हता. अजिबात. कसा आवाज होता, मी कुठे उभी होते, काहीच नाही. मुलगी हसायला लागली, भीती गेल्यावर माणूस जरा जास्तच हसतं तसं. "आई, तूच टाका घातलास आणि तूच धावत आलीस? आणि चपला बघ गं तुझ्या!" विहीणबाईही हसल्या. बाहेरच्या बायकांत ती गोष्ट दोन मिनिटांत पसरली. मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले, कारण हसायचं थांबले असते तर रडले असते.

मुलगी बाहेर जाऊन ओरडली, "बाबा, ऐकलं का, आई सुई शोधत रिक्षानं आली!" यजमान खुर्च्या लावत होते. ते दारात आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी वाट बघितली. एवढा आयता मोका, आता दरबार, नजराणा, काहीतरी येणारच. "पानी पी जरा," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा खुर्च्यांकडे गेले.

बोरन्हाण ठिपक्यांच्या फ्रॉकवर झालं. विहीणबाई जिंकल्या. बोरं, चुरमुरे, गोळ्या डोक्यावरून ओतल्या, पोरं झोंबली, नात मध्ये बसून एक बोर दोन्ही हातांनी धरून चोखत होती. फार गोड दिसत होती. मी पुढे जाऊन ते बोर काढून घेतलं, बी घशात जाईल म्हणून, आणि मग खुर्चीवर बसले. अंगरखा माझ्या मांडीवर होता. कार्यक्रमभर मी त्या तीन टाक्यांवरून अंगठा फिरवत होते. माझा टाका मला डोळे मिटूनही ओळखू येईल. माझाच होता. फक्त तो घालताना मी तिथे नव्हते.

परत येताना स्कूटरवर मागे बसले. दिवस मावळतीला आला होता. खोपोली गेली, कर्जत गेलं, मुरबाडच्या रस्त्याला लागलो. मग मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "अहो, तो टाका मी घातल्याचं मला आठवत नाही."

वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. पण थोडं पुढे जाऊन त्यांनी गाडी वालाच्या एका शेताच्या बांधाशी थांबवली आणि बंद केली. शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत सुई होती. नेढ्यात अजून बोटभर काळा दोरा होता.

"वातींच्या डब्यात खोचलेली व्हती," ते म्हणाले. "सकाली दिवा लावताना हाताला लागली."

कापूस दिसला म्हणून मी तिथे खोचली असणार. सुयांची उशी समजून. "मग सांगितलं का नाहीत?"

"सांगनार व्हतो. पन तू लाडू भरत व्हतीस, खुशीत व्हतीस." ते पुढे रस्त्याकडे बघत होते. "टाका तू गुरवारी घातलास. मला हाक मारून दाखवलास. म्हनालीस, बघा, संपला एकदाचा."

"हो का," मी म्हटलं.

"शुक्रवारी परत दाखवलास."

एक जीप हॉर्न वाजवत गेली. तिच्या धुरळ्यात आम्ही दोघं तोंड फिरवून बसलो. मी पुडीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. शुक्रवारी त्यांनी काय म्हटलं असेल, ते मला विचारायचं होतं. थट्टा केली असेल का? का पहिल्यांदाच बघतोय असं दाखवून छान म्हटलं असेल? मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

"मला भीती वाटतेय हो," मी म्हटलं.

"मला दिवाळीपासून वाटतेय," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.